बाजू संपेपर्यंत

नियम माझाच होता, हे आधीच सांगून टाकते. उगाच मागून कोणी म्हणायला नको, की बाईनं स्वतःचं झाकलं आणि दुसऱ्याचं वाकून बघितलं. झाकायचं तेवढं मी सहा आठवडे झाकलं. आता जे आहे ते सांगते.

रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, स्पीकर, जे जे म्हणून फिरतं आणि वाजतं ते मी दुरुस्त करते. दुकान वडिलांचं, हात माझा. पुढे काउंटर आणि काउंटरमागे एक बिनखिडकीची खोली. खोलीच्या भिंतींना मी कापूस भरून जाड कापड ठोकलंय, म्हणजे आवाज घुमत नाही आणि बाहेरचा आत येत नाही. आत चार खुर्च्या, कमरेएवढे दोन स्पीकर आणि चार मोडक्या मशीनमधून मी जुळवलेलं एक धडधाकट मशीन. दर शनिवारी चार वाजता मी शटर अर्ध्यावर ओढायची आणि आम्ही चौघं आत बसायचो. पंधरा वर्षं चाललं हे.

चौघं म्हणजे मी, सिस्टर, टाका आणि पेंटर. सिस्टर मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या वॉर्डात होती, सतरा वर्षं. टाका म्हणजे शिंपी. कोणी काहीही बोललं तरी मध्ये आपला एक टाका घातल्याशिवाय त्याला राहवत नाही, म्हणून सिस्टरनं त्याचं हे नाव पाडलं आणि तो ते दुकानाच्या पाटीपेक्षाही कौतुकानं मिरवतो. पेंटर दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायचे. छापील बोर्ड आले आणि त्यांचं निम्मं काम गेलं, पण तक्रार करायचा स्वभाव नव्हता. वयानं माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे असून मला ताई म्हणायचे. सगळेच म्हणतात. मी जरा फटकळ आहे. अशा बाईला ताई म्हटलं की निम्मा राग आपोआप उतरतो, असा लोकांचा समज आहे.

आमच्या बैठकीत एकच विषय असायचा. सध्या काय ऐकताय? प्रत्येकानं आपला सध्याचा अल्बम घेऊन यायचा. सध्याचा म्हणजे सध्याचा. आठवड्यात निदान तीन वेळा पूर्ण ऐकलेला, दोन्ही बाजू. चारचौघांत मिरवायला आणलेला चालायचा नाही. खोलीत एक काळा फळा होता, त्यावर पेंटरनी वर ‘सध्या’ असं पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं आणि खाली आमची चार नावं. नावाखाली ज्यानं त्यानं खडूनं आपला अल्बम लिहायचा. मग उलटतपासणी. टाक्यानं एकदा कुठल्यातरी परदेशी वाद्यवृंदाचा जाडजूड संच आणला होता, पाच तबकड्यांचा. सिस्टरनं विचारलं, तिसऱ्या बाजूला ढोल थांबल्यावर पुढे काय येतं? टाका म्हणाला, पुढे ते वाढत जातं. पुढे फक्त एकटी बासरी होती. त्या दिवसापासून कोणी थाप मारली की आम्ही म्हणायचो, वाढत जातं.

माणूस सध्या काय ऐकतोय यावरून त्याचं काय चाललंय ते कळतं, असं आम्हाला वाटायचं. सिस्टरची मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिनं महिनाभर अंगाईगीतांचा अल्बम आणला. माझे वडील गेले तेव्हा मी सैनिकी बँड ऐकत होते. पेंटर ट्रंपेटवाल्यांचा काही घेऊन आले की समजायचं, घरी वहिनींशी वाजलंय. मग आम्ही त्यांना जरा सांभाळून घ्यायचो. बोलून विचारायची पद्धत नव्हती. आम्हाला वाटायचं, आमच्याएवढं एकमेकांना कोण ओळखणार? काय तरी गुर्मी होती, आता कळतंय.

लिहून झालं की मी ज्याची पाळी असेल त्याच्या अल्बमची एक बाजू लावायची. आणि इथं माझा नियम. तो पेंटरनीच पत्र्यावर रंगवून दिला होता, तीन दिवस खपून, लाल अक्षरांना पांढरी सावली देऊन: ‘बाजू संपेपर्यंत बोलू नये. उठू नये. फोन डब्यात.’ डबा म्हणजे बिस्किटांचा मोठा डबा, तो झाकण लावून बाहेर काउंटरवर. बाजू संपल्यावरही एक मिनिट गप्प बसायचं, हे पत्र्यावर मावलं नाही म्हणून तोंडी.

हा नियम का केला? जन्मभर मी बघत आले, गाणं लागलं की लोकांना गप्पा सुचतात. एरवी घरात एकमेकांशी न बोलणारी माणसं सूर ऐकू आले की बोलायला लागतात. मला ते डोक्यात जातं. बारा वर्षांपूर्वी आमच्यात पाचवा म्हणून एक बँकेतला साहेब येत असे. एकदा बाजू चालू असताना त्यानं खिशात लपवलेला फोन काढून हळूच उत्तर दिलं. मी पिन उचलली, त्याची रेकॉर्ड पाकिटात घातली, त्याच्या हातात दिली आणि दार दाखवलं. त्याच्या बायकोचा फोन होता म्हणे, काही महत्त्वाचा. तो पुन्हा आला नाही आणि पाटीवरच्या ओळी मात्र सगळ्यांना तोंडपाठ झाल्या. मला त्याचा अभिमान होता.

आता कोण कुठे बसायचं ते सांगते, कारण सगळं त्यावर आहे. सिस्टर आणि टाका पुढे, स्पीकरकडे तोंड करून. पेंटर मागे, दाराशेजारी. त्यांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास यायचा आणि आपला वास दुसऱ्याला नको म्हणून ते आपण होऊनच मागे बसायचे. मी मशीनजवळ, सगळ्यांकडे तोंड करून. म्हणजे पेंटरांचा चेहरा दिसायचा तो फक्त मला.

त्या शनिवारी पाळी पेंटरांची होती. दोन म्हाताऱ्या वादकांचा अल्बम, एक क्लॅरिनेट आणि एक पियानो. आठवडाभर पाटी रंगवताना ऐकत होते म्हणाले. दुसरी बाजू लावा, अख्खी बाजू एकच तुकडा आहे, तेवीस मिनिटांचा. फळ्यावर नाव लिहिताना त्यांनी डावा खांदा दोनदा चोळला. सिस्टरनं लगेच विचारलं. शिडीवर हात वर धरून धरून अवघडलाय म्हणाले. आधीच्याही शनिवारी तसंच म्हणाले होते आणि सिस्टरनं त्यांना कार्डिओग्राम काढायला वॉर्डात बोलावलं होतं. सोमवारी येतो म्हणाले होते. कुठल्या सोमवारी ते सांगितलं नव्हतं, असं टाका म्हणाला आणि आम्ही हसलो. मग मी पिन ठेवली.

बाजू सुंदर होती. सुरुवातीला दोघं जण एकमेकांना वाट देत वाजवतात आणि अर्ध्यावर पियानो थांबतो. क्लॅरिनेट एकटा राहतो, अगदी खालच्या सुरात. तिथं पेंटर म्हणाले, “ताई.”

हळू म्हणाले. मी मान वर केली. रागच आला, खोटं कशाला बोलू. एवढी नाजूक जागा आणि ज्या माणसानं नियम स्वतःच्या हातानं रंगवला तोच बोलतोय. मी ओठांवर बोट ठेवलं आणि श्श केलं. चांगलं ऐकू जाईल असं केलं. त्यांनी लगेच हात वर केला, चुकलं म्हणतात तसा, आणि मान हलवली. मग डोळे मिटले.

थोड्या वेळानं मी पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा ओला होता. गालांवरून, हनुवटीवरून पाणी उतरत होतं. मला वाटलं, रडतायत. आमच्या खोलीत याहून मोठी दाद नव्हती. चाळीस वर्षं रेडिओच्या गोंगाटात पाट्या रंगवणारा माणूस माझ्या मशीनवर, माझ्या स्पीकरवर, मी राखलेल्या शांततेत एका सुरानं रडतोय, असं माझ्या मनात आलं. ऊर भरून आला माझा. त्यांना लाज वाटू नये म्हणून मी नजर दुसरीकडे वळवली. पुढची सगळी मिनिटं मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाजू संपली. एक मिनिट आम्ही गप्प बसलो, नियमाप्रमाणे. मग टाका व्वा म्हणाला आणि सिस्टर पेंटरांना काहीतरी सांगायला वळली.

तिनं त्यांना खुर्चीवरून खाली कसं घेतलं ते मला आठवत नाही. एवढीशी बाई. गुडघ्यांवर बसून ती त्यांची छाती दाबत होती आणि मोठ्यानं मोजत होती, आणि मोजता मोजता ओरडून आम्हाला काय करायचं ते सांगत होती. टाका फोनसाठी धावला. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं, त्याच्या हातांनी निघेना. शेवटी त्यानं डबाच फरशीवर आपटला. अँब्युलन्स येईपर्यंत सिस्टर थांबली नाही. हॉस्पिटल माझ्या दुकानापासून चालत सहा मिनिटांवर आहे. तिथं त्यांनी काही मिनिटं खटपट केली आणि मग सिस्टरच्याच ओळखीच्या एका डॉक्टरनं बाहेर येऊन मान हलवली.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर सिस्टरनं मला विचारलं. तुम्ही समोर होता, काही दिसलं का? छातीला हात लावला, काही बोलले? मी नाही म्हटलं. डोळे मिटून शांत बसले होते म्हटलं. ती म्हणाली, मध्येच तुम्ही श्श केलंत, ते कोणाला? माझं तोंड माझ्याआधी बोललं. टाक्याला, म्हटलं. त्याचा कागद वाजत होता.

टाका शेजारीच बसला होता. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. खिशात त्याच्या कायम मापांचे कागद असतात आणि ते वाजवल्याबद्दल मी त्याला आजवर पन्नास वेळा तरी दटावलं असेल. “असेल,” तो म्हणाला. “होता माझ्याजवळ कागद.”

झालं. एवढंच खोटं, दोन वाक्यांचं. मी स्वतःला म्हटलं, गेलेला माणूस परत येणार आहे का? मग खरं सांगून कोणाचं भलं?

लोक भेटायला आले ते एकच बोलत. काय भाग्याचं मरण! आवडीचं ऐकता ऐकता गेले, कोणाला त्रास नाही, कोणाची सेवा नाही. वहिनींनी ते शब्द धरून ठेवले. बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात ना. येईल त्याला त्या सांगायच्या, कळलंसुद्धा नाही हो त्यांना, ताईंकडे सूर ऐकता ऐकता डोळा लागला तो लागलाच. आणि माझा हात हातात घ्यायच्या. ताईंच्या दुकानात गेले हे बरं झालं, रस्त्यावर शिडीवरून पडले असते तर? मी मान हलवायची. घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

शनिवारची बैठक बंदच पडली. मी चार वाजता शटर अर्ध्यावर ओढून बसायची, कोणी यायचं नाही. फळा तसाच होता. पेंटरांच्या नावाखालचा अल्बम पुसायची माझी हिंमत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात कळलं, सिस्टरनं हृदयाचा वॉर्ड सोडला. अर्ज करून जुन्या कागदपत्रांच्या विभागात बदली मागून घेतली. तळघरात बसते आणि फायलींना नंबर घालते. मी भेटायला गेले. ती वाळली होती. मी म्हटलं, अगं, तुझ्यासारखीनं फायली लावायच्या? ती म्हणाली, सतरा वर्षं मी लोकांचे श्वास ऐकून रात्रपाळ्या केल्या, अंधारात कोणाचं बिघडतंय ते कळायचं मला. आणि माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, आपला माणूस मेला आणि मी क्लॅरिनेट ऐकत बसले. असले कान घेऊन वॉर्डात कशी उभी राहू? मी तिला समजावत राहिले, तुझा काय दोष, तुला पाठीला डोळे आहेत का? माझं मलाच ऐकवत नव्हतं. खरं ते तिथंच सांगायला हवं होतं. मी तिला सोबत नेलेला थर्मासमधला चहा पाजला आणि घरी आले.

टाक्याचं तर आणखी वाईट. एक दिवस पट्टा तुटलेला प्लेअर घेऊन आला. मी पट्टा बदलेपर्यंत काउंटरला टेकून उभा राहिला, आणि हा माणूस गप्प. मी विचारलं, काय झालं? मग बोलला. सिस्टर त्याला म्हणाली होती, तो श्श ऐकू आला तेव्हा मी मागे वळणारच होते, पण म्हटलं, हा टाकाच असणार, नेहमीचाच. आणि वळले नाही. “तेवढा कागद वाजला नसता,” टाका म्हणाला, “तर ती वळली असती, ताई. मला आठवतही नाही तो वाजलेला. म्हणजे बघा, किती बेफिकीर माणूस मी.” त्यानं मापं कागदावर लिहायची सोडली होती. कापडाच्या चिंधीवर लिहायचा. गिऱ्हाइकं हसायची.

मी काय म्हटलं? जाऊ दे, म्हटलं, मनाला लावून घेऊ नको. आणि पट्ट्याचे पैसे घेतले नाहीत. लाज वाटते मला हे सांगताना, पण सांगते. जन्मभर मी लोकांना तोंडावर बोलत आले आणि त्याला सडेतोडपणा म्हणत आले. सडेतोड बोलणं दुसऱ्याबद्दल असतं तेव्हा सोपं असतं. स्वतःवर आलं तेव्हा माझी वाचा बसली. आणि खाई त्याला खवखवे, तसं माझं झालं होतं. दुकानात कोणी नुसतं ताई म्हणून हाक मारली तरी हातातली वस्तू सुटायची.

सहाव्या आठवड्यात वहिनी आल्या. शनिवारीच आल्या, मुद्दाम. पिशवीत तीच रेकॉर्ड होती. त्यांच्याकडे मीच पोचवली होती ती, बाकी सामानाबरोबर. त्या म्हणाल्या, आमच्याकडे हे कानाला हेडफोन लावून ऐकायचे, माझं डोकं दुखतं म्हणून. शेवटी काय ऐकलं त्यांनी, मला ठाऊक नाही. मला ते ऐकायचंय, त्यांच्याच खुर्चीत बसून. सगळे असाल तेव्हा. मी म्हटलं, एकट्यानं ऐका, बरं वाटेल. त्या म्हणाल्या, नाही, तुमच्या पद्धतीनं लावा, ती बाजू, जशी होती तशी. त्यांनीच सिस्टरला आणि टाक्याला फोन केला. वहिनींना नाही म्हणायची ताकद दोघांतही नव्हती.

चार वाजता आम्ही बसलो. सिस्टर आणि टाका पुढे. वहिनी मागे, दाराशेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. फोन कोणी डब्यात ठेवले नाहीत आणि मीही म्हटलं नाही. मी पिन ठेवली.

दोघं म्हातारे वाजवायला लागले. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. गाणंबिणं कळत नाही म्हणायच्या, पण चेहरा हळूहळू सैल पडत गेला. मी बघत होते. त्यांच्या तोंडावर थोडंसं हसू आलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला लख्ख दिसत होतं. हे ऐकता ऐकता गेले, अशा सुरात गेले, सुखात गेले. सिस्टरची मान खाली होती. टाका हात मांडीखाली दाबून बसला होता, चुकूनही हलू नयेत म्हणून. ते हात बघितले आणि माझ्यानं राहवलं नाही. पियानो थांबला, क्लॅरिनेट एकटा खाली उतरायला लागला, आणि मी उठून पिन उचलली.

खोली एकदम रिकामी वाटली. तिघंही माझ्याकडे बघत होते.

“इथं,” मी म्हटलं. “इथं त्यांनी मला हाक मारली. ताई म्हणाले. आणि मी त्यांना गप्प बसवलं.”

 मग मी सगळं सांगितलं. बोट कसं ठेवलं, त्यांनी हात कसा वर केला, घाम बघून मला काय वाटलं, मी मान का वळवली. बाकावर खोटं बोलले तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता, त्याचीच मला किळस आली.

“मग माझा कागद?” टाक्यानं विचारलं.

“तुझा कागद वाजलाच नव्हता.”

त्यानं हात मांडीखालून काढले आणि ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना. सिस्टरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होती. तिनं विचारलं, किती राहिलंय अजून? अकरा मिनिटं, मी म्हटलं.  मग वॉर्डात बोलत असेल तशा आवाजात म्हणाली, “म्हणजे शुद्धीत होते. हाक मारत होते. आणि मी इथं होते.”

मला वाटलं आता ती उठेल, मला मारेल. मारायला हवं होतं. ती बसून राहिली.

वहिनींनी पर्स घट्ट धरली होती. त्यांनी मला एकच विचारलं, मोठ्यानं हाक मारली का? नाही, मी म्हटलं, हळू. बाजू चालू होती म्हणून.

“घरात मोजा सापडला नाही,” वहिनी म्हणाल्या, “तर खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी हाक मारायचे ते.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मघाचं हसू कुठल्याकुठे गेलं होतं, आणि ते मीच घालवलं होतं. मी म्हटलं, वहिनी, मला काय हवं ते बोला. त्या म्हणाल्या, पुढचं लावा.

मी नको म्हटलं. हात जोडले. आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते.

“लावा,” त्या म्हणाल्या. “अकरा मिनिटं म्हणजे किती, ते मला बघायचंय.”

मी पिन ठेवली. जिथून उचलली होती तिथंच ठेवली, माझ्या हाताला ती जागा माहीत होती. क्लॅरिनेट पुन्हा सुरू झाला. या वेळी कोणी डोळे मिटले नाहीत. टाका रडायला लागला, आवाज न करता, मग आवाज करून, आणि कोणी त्याला गप्प केलं नाही. पियानो परत आला तेव्हा मला वाटलं, संपत आलं. मशीनकडे बघितलं तर पिन अजून मधल्या लेबलापासून कितीतरी लांब होती. सिस्टर उठली. दारापर्यंत गेली, काउंटरवरच्या रिकाम्या डब्यापर्यंत गेली, तिथून वळून परत आली आणि वहिनींच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. एवढं होऊनही बाजू चालूच होती. तिनं वहिनींच्या मनगटावर बोटं ठेवली, सवयीनं असेल, आणि ती तशीच ठेवून उभी राहिली. बाजू तरीही चालू होती. मी वहिनींकडे बघत होते. या वेळी एक क्षणही नजर वळवली नाही. बाहेर कोणीतरी शटर वाजवून गेलं, आणि दोघं म्हातारे सावकाश, एकमेकांना वाट देत, वाजवतच होते.

शेवटचा सूर विरला. शेवटच्या रिकाम्या खाचेत पिन टक टक फिरत राहिली. मी ती उचलली नाही.

वहिनी उठल्या. सिस्टरचा हात धरला.

“खूप वेळ होता हो, ताई,” त्या म्हणाल्या, आणि दोघी बाहेर गेल्या.